पेरणीआधी विचारता, मग प्रवेशाआधी का नाही?



मृग जवळ आला की घराघरांत बियाण्याची चर्चा सुरू होते. कोणते वाण घ्यावे, मागल्या साली शेजारच्या रानात काय पिकले, घरचे सोयाबीन ठेवले असेल तर त्याची उगवण किती, हे चार ठिकाणी विचारल्याशिवाय कोणी पेरणीला हात घालत नाही. जाणता शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, आठवड्याने उलगडून कोंब मोजतो आणि मगच एकरी किती बी लागेल ते ठरवतो. पीक चार महिन्यांचे, पण चौकशी केवढी!

नेमक्या त्याच दिवसांत बारावीचा निकाल लागलेला असतो. घरातले मूल तालुक्याला जाते, नेट कॅफेत रांगेत उभे राहते. अर्ज भरणारा विचारतो, "विषय कोणते टाकू?" मागे उभा असलेला कोणी सांगतो, "भूगोल टाक, सोपा जातो." दुसरा सांगतो, "आम्ही सगळ्यांनी हेच घेतलंय." पाच मिनिटांत अर्ज भरून होतो आणि तीन-चार वर्षांची पेरणी उरकते. रानात पाऊस दगा देऊन गेला तर दुबार पेरणीचे बी दुकानात मिळते. पोराचे गेलेले वर्ष कोणत्या दुकानात मिळायचे?

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला विषयांबाबत आणि परीक्षांबाबत सल्ला कोणी द्यायचा, आज तो नीट का मिळत नाही आणि मिळावा म्हणून आपण घरच्यांनी काय करावे, एवढेच आज बोलू. शहरात ज्याच्या घरी काका, मावशी, शेजारी असे सारे शिकलेले असतात, त्याला हा सल्ला जेवता जेवता मिळतो. ज्या घरातला पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी पदवीला जाते, त्या घराला तो बाहेरून मिळवावा लागतो. म्हणून ही गोष्ट आपल्या घरांची अधिक आहे.

नवी रीत काय आहे?

पूर्वी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची वाट बरीचशी सरळ होती. विषय मोजके आणि निवड थोडी. आता तसे राहिलेले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न असलेल्या इतर महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्यात अभ्यास श्रेयांकांवर मोजतात. इंग्रजीत त्यालाच क्रेडिट म्हणतात. डेअरीत दूध लिटरवर आणि फॅटवर मोजले जाते, तसे हे अभ्यासाचे माप. वर्गातल्या शिकवण्याचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिक असेल तर ३० तासांना एक. एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक मिळवायचे, म्हणजे वर्षाला ४० ते ४४. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० लागतात. चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घ्यायची असेल तर किमान १६०.

हे श्रेयांक नाना प्रकारच्या विषयांतून गोळा करायचे असतात. एक मुख्य विषय, त्याला मेजर म्हणतात. एक दुय्यम विषय, तो मायनर. त्याशिवाय ओपन इलेक्टिव्ह नावाचा एक प्रकार असतो. तो आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरून घ्यावा लागतो, म्हणजे कला शाखेच्या मुलीने वाणिज्याचा किंवा विज्ञानाचा एखादा विषय घ्यायचा. आणखी कौशल्याचे विषय आहेत, भाषा आहेत, भारतीय ज्ञान परंपरा आहे. मिळवलेले श्रेयांक अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या खात्यात जमा होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याचे नियम २०२१ साली केले.

या रीतीत चांगले पुष्कळ आहे. पण निवडीच्या जागा वाढल्या की चुकण्याच्या जागाही वाढतात. बाजारात एकच वाण असेल तर विचारायचे काही नसते. दहा वाणे आली की जाणकाराची गरज पडते. सरकारने वाणे दहा केली, पण प्रत्येक मुलामागे जाणकार दिला का, हा आजचा खरा प्रश्न आहे.

कोणता विषय कोणते दार उघडतो?

विषय सोपा की अवघड, एवढेच पाहून निवडला तर पुढे दार बंद झालेले आढळते. चार साधी उदाहरणे देतो.

तुमच्या मुलीला शिक्षिका व्हायचे आहे. त्यासाठी पदवीनंतर बी.एड. करावे लागते आणि बी.एड.च्या प्रवेशाला पदवीत निदान ५० टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. शिवाय शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीला घेतलेला असला तर पुढची वाट सोपी जाते. हे तिला पहिल्या वर्षी कळले तर ती विषयही तसे घेईल आणि गुणांकडेही लक्ष देईल. तिसऱ्या वर्षाचा निकाल हातात पडल्यावर कळून उपयोग काय?

तुमच्या मुलाच्या मनात गावात कृषी सेवा केंद्र टाकायचे आहे. कीटकनाशके विकण्याचा परवाना नव्याने घेताना शिक्षणाची अट असते. कृषी पदवी चालते, तशी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन केलेली विज्ञान पदवीही चालते. नुसत्या बी.ए.ने भागत नाही. मुलगा बारावी विज्ञान होऊन, "पदवी कोणतीही असो" म्हणून बी.ए.ला बसला, तर दुकानाचे स्वप्न तिथेच अडते.

तिसरा मुलगा स्पर्धा परीक्षा देणार म्हणतो. राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, हे खरे. पण म्हणून पदवीकडे दुर्लक्ष करायचे का? परीक्षेला बसणारे फार आणि जागा थोड्या. ती वाट बंद झाली तर पदवीच्या बळावर दुसरे काय करता येईल, हे पहिल्याच वर्षी बघून ठेवावे.

चौथी मुलगी हुशार आहे, रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायची म्हणते. मग बी.एस्सी.ला तो तिचा मुख्य विषय हवा. दुय्यम ठेवून चालेल का, हे ज्या विद्यापीठात पुढे जायचे तिथले नियम वाचून आधीच विचारले पाहिजे.

यात मोठी विद्वत्ता नाही. ज्याला नियम माहीत आहेत अशा कोणी वेळेवर दहा मिनिटे बसून सांगितले की झाले. तेवढेच होत नाही.

मधली दारे आणि लेकीबाळी

नव्या रीतीत मधूनच बाहेर पडण्याची सोय आहे. एक वर्ष पूर्ण केले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. अडचणीत सापडलेल्या मुलाचे केलेले वर्ष वाया जात नाही, म्हणून ही सोय मोलाची आहे. पण तिच्या अटी कोणी सांगत नाही. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडताना नेहमीच्या श्रेयांकांशिवाय ४ श्रेयांकांचा व्यवसायाचा एक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. आयोगाच्या आराखड्यानुसार परत यायचे असेल तर तीन वर्षांच्या आत यावे लागते आणि सारी पदवी जास्तीत जास्त सात वर्षांत पूर्ण करावी लागते.

आता जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नये. मुलीच्या बाबतीत हे मधले दार फार लवकर उघडले जाण्याची भीती आहे. "एक वर्ष झाले, कागद मिळाला, आता पुरे" असे म्हणून स्थळ पाहायला सुरुवात होते. परत येण्याची मुभा कागदावर राहते. लेकरू कडेवर आल्यावर किती जणी परत येतात? ते दार संकटासाठी आहे, ते घाईसाठी वापरू नये. आणि मुलीचे पाऊल दारापर्यंत आलेच, तर आई-वडिलांना बोलावून हे सारे समजावून सांगणारा एक माणूस महाविद्यालयात असायला हवा.

योजना आहे, मग अडते कुठे?

कोणी म्हणेल, "अहो, कॉलेजात पालक-शिक्षक योजना असते की!" असते. नॅक ही महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी संस्था १९९४ साली स्थापन झाली. ती मार्गदर्शक शिक्षकांविषयी विचारते. आयोगाने २०१९ साली 'दीक्षारंभ' नावाचा उपक्रम सुचवला. नव्या मुलांचे स्वागत करावे, त्यांची ओळख करून घ्यावी, त्यांना मार्गदर्शक शिक्षक नेमून द्यावा, असे त्यात आहे. कागदावर उणे काही नाही.

अडते ते अमलात. पुष्कळ ठिकाणी यादी भिंतीवर लागते आणि तिथेच पिवळी पडते. मुलाला आपल्या मार्गदर्शकाचे नाव माहीत नसते आणि मार्गदर्शकाला मुलाचा चेहरा. समिती यायची असली की वह्या भरल्या जातात. यात सारा दोष शिक्षकांचा आहे असे मात्र नाही. कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणारा शिक्षक यंदा इथे, तर पुढच्या वर्षी दुसरीकडे. त्याला तासाचे पैसे मिळतात. मुलाशी बसून बोलण्याचे मिळत नाहीत. ज्या कामाला वेळापत्रकात जागा नाही, ते काम होत नाही. घरातल्या बायकांच्या कामासारखे ते कोणी मोजतच नाही, फरक इतकाच की बाया ते तरीही करतात!

सल्ल्याने खरेच काही फरक पडतो का, अशी शंका येणे साहजिक आहे. त्याचा ताळा घेतला गेला आहे, पण तो दूर अमेरिकेत, न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठात. तिथल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत गरीब घरची पुष्कळ मुले येत आणि अर्ध्यातून सुटत. २००७ साली विद्यापीठाने 'एसॅप' नावाची योजना काढली. प्रत्येक मुलाला स्वतःचा सल्लागार दिला आणि त्याला ठरल्या वेळी भेटणे सक्तीचे केले. सल्लागाराकडे मुले थोडीच ठेवली. जोडीला फीची उरलेली रक्कम, पुस्तके आणि प्रवासाचा पास दिला. मग एमडीआरसी या संस्थेने ज्यांचे शाळेतले गणित किंवा इंग्रजी कच्चे राहिले होते, अशी सुमारे ९०० मुले घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन भाग केले. एका भागाला योजना दिली, दुसऱ्याला नेहमीची व्यवस्था. तीन वर्षांनी पाहिले, तर नेहमीच्या व्यवस्थेत शंभरातली २२ मुले उत्तीर्ण होऊन बाहेर पडली होती, योजनेतली ४०. हा अहवाल २०१५ साली निघाला.

एकाच रानात दोन वाफे करून एकाला खत द्यावे आणि दुसऱ्याला देऊ नये, तसाच हा प्रयोग. नुसत्या गोड बोलण्याने हे झाले नाही, प्रवासाचा पास आणि पुस्तकेही होती, हे ध्यानात ठेवा. आपल्याकडेही तसेच आहे. गावाकडच्या मुलींना एसटीचा अहिल्याबाई होळकर मोफत पास बारावीपर्यंतच मिळतो. त्यानंतर सवलतीचा का होईना, पण पैसे भरून पास काढावा लागतो. शेवटचा तास संपायच्या आत गावची एसटी निघून जात असेल, तर मुलगी तो तास रोज बुडवते आणि तिची हजेरी कमी भरते. विषय निवडताना एसटीचे वेळापत्रक विचारणारा सल्लागार मिळाला, तर तो खरा सल्लागार समजावा.

चांगला सल्लागार काय करतो?

तो मुलाच्या वतीने निर्णय घेत नाही. कोणत्या वाटेने कुठे जाता येते ते दाखवतो आणि निवड मुलावर सोडतो. वर्षातून निदान तीनदा तो मुलाला स्वतःहून बोलावतो.

पहिल्यांदा, विषय पक्के होण्याआधी. बारावीला काय होते, पुढे काय व्हायचे आहे, घरी शेतीचे काम किती, गाव किती लांब, हे विचारतो.

दुसऱ्यांदा, सत्र सुरू झाल्यावर महिन्या-दीड महिन्याने. हजेरी कशी आहे, इंग्रजीतले शिकवणे कळते का, विषय बदलायचा आहे का, हे तेव्हाच कळले तर उपाय निघतो. पहिल्या सत्राची परीक्षा बहुधा दिवाळीच्या मागेपुढे येते. नेमके तेव्हाच सोयाबीन काढणीला आलेले असते, कापूस वेचायचा असतो, आणि ऊसतोडीला जाणारे घर गाव सोडण्याच्या तयारीत असते. ज्याला हे ठाऊक आहे तो गैरहजर मुलाला 'आळशी' म्हणत नाही, आधीच गाठतो.

तिसऱ्यांदा, निकाल लागल्यावर. राहिलेले विषय मागे ठेवून पुढे जाण्याची मुभा म्हणजे एटीकेटी. ती सोसायटीच्या थकबाकीसारखी असते. एक हप्ता राहिला तर फिटतो. चार साचले की माणूस त्या वाटेने जायचेच सोडतो. पुष्कळ मुले नापास म्हणून शिक्षण सोडत नाहीत, लाजेने सोडतात. त्या वेळी "बस, कोणता विषय आधी सोडवायचा ते ठरवू" असे म्हणणारा एक माणूस पुरेसा असतो.

आपण काय मागावे, काय करावे?

महाविद्यालयाकडे मागायच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. प्रत्येक मुलाला एका शिक्षकाचे नाव आणि भेटीचा वार प्रवेशाच्या दिवशीच लेखी मिळावा. त्या शिक्षकाच्या वेळापत्रकात या कामाचा तास धरलेला असावा. कोणता विषय घेतला की पुढे काय करता येते आणि काय करता येत नाही, याचा एक कागद सोप्या मराठीत छापून अर्जासोबत द्यावा. विषय बदलण्याची शेवटची तारीख फळ्यावर ठळक लिहावी. आणि पालकसभा आठवडी बाजाराच्या दिवशी घ्यावी! त्या दिवशी आपण तालुक्याला जातोच. खाडा करून मुद्दाम दुसऱ्या दिवशी येणे मजुरी करणाऱ्या आईला परवडत नाही.

हे मागायचे कोणाकडे? प्राचार्यांकडे, आणि तिथे न ऐकले तर महाविद्यालय विकास समितीकडे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अशी समिती प्रत्येक महाविद्यालयात ठेवली आहे. तिच्यात स्थानिक सदस्य असतात, माजी विद्यार्थी असतो. आपल्या पंचक्रोशीतले ते कोण, हे शोधून काढा. चार पालकांनी सह्या करून दिलेला साधा अर्ज त्यांच्यापुढे ठेवा. पाण्याच्या पाळीसाठी आपण एकत्र जातो. पोरांच्या वर्षासाठी का जाऊ नये?

घरीही थोडे काम आहे. प्रवेशाआधी एका संध्याकाळी मुलाला जवळ बसवा आणि एवढे विचारा: तुझा मुख्य विषय कोणता? तोच का घेतोस? त्यावर पुढे काय करता येते, हे तुला कोणी सांगितले? विषय बदलायचा झाला तर कोणत्या तारखेपर्यंत बदलता येतो? एका सत्रात किती श्रेयांक, आणि ते तुझ्या खात्यात जमा झाले का? तुझ्या मार्गदर्शक शिक्षकांचे नाव काय?

तुम्ही शाळा शिकला नसाल तरी हे विचारायला अडचण नाही. उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला कळणार नाही कदाचित. पण मुलाला उत्तरच येत नाही, हे तर लगेच कळेल. मग त्याला पुन्हा पाठवा: "जा, विचारून ये." आयांनी हे काम अधिक चांगले होईल, कारण मुले बापापुढे मान हलवतात आणि आईपुढे बोलतात. श्रेयांक खात्याचा क्रमांक, प्रवेशाची पावती आणि गुणपत्रिका सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा. तीही मिळकतच आहे.

एक गोष्ट मात्र टाळा. "अमक्याच्या पोराने घेतले म्हणून तू घे" असे म्हणू नका. त्याच्या रानाची माती वेगळी, तुमच्या रानाची वेगळी. माती न पाहता बी टाकत नाही, तो आपला धर्म आहे. तो घरातल्या लेकराच्या बाबतीत मोडू नये.

निकाल लागला की अर्जाची घाई सुरू होते. त्याआधीच एकदा मुलाला किंवा मुलीला घेऊन महाविद्यालयात जाऊन या. कार्यालयाच्या खिडकीशी न थांबता आत जा, ज्या विषयाचा विचार आहे त्या विषयाच्या शिक्षकांना भेटा, दहा मिनिटे मागून घ्या. चांगल्या शिक्षकाला असा बाप, अशी आई आलेली फार आवडते. न आवडणारा निघाला, तर तेही वेळेवरच कळलेले बरे.